डाव्या बाजूचा आवाज

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

काल अशोक विजयादशमीला गाडी घरी आली. लाल, दोन दाराची, जमिनीला चिकटून चालणारी. अकरा वर्षं जुनी आहे, पण डोंबिवलीच्या रस्त्यावर अजून माना वळतात. दर्शनाने बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, खाली येऊन गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "अहो, यात बसायचं की झोपायचं?"

तिला काय कळणार. १९९८ साली ठाण्यात एका बंगल्यावर वीजचोरीची धाड टाकली होती. पोर्चमध्ये कापडाखाली अशीच एक गाडी. मीटर पकडला, पण गाडी डोक्यातून गेली नाही. एकतीस वर्षं भरारी पथकात काढली, मे महिन्यात निवृत्त झालो आणि आता घेतली. किंमत इथे लिहीत नाही. वही दोऱ्याने बांधून ठेवतो, गाठ कशी मारली आहे ते मला माहीत आहे, तरी घरात माणसं असतात.

विकणारा संदेश म्हणून एक तरुण, घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहतो. हसतमुख. हसतमुख माणसांचा मला अनुभव आहे. ज्याने तारेवर आकडा टाकलेला असतो, तोच आधी सरबत विचारतो. संदेशने सरबत विचारलं होतं. तरी घेतली.

एकच गालबोट. आमच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरला गाडीचं पोट खर्रकन घासलं. वॉचमन धोंडीबा धावत आला, "साहेब, सरळ नका घेऊ. तिरकी घ्या. डावं चाक आधी चढवा, मग उजवं." तशी घेतली, निघाली. आता रोज तशीच घेणार.

ब्रेकर मीच बांधलेला आहे. चार वर्षांपूर्वी गेटमधून सुसाट आलेल्या एका डिलिव्हरीवाल्याने आईला उडवलं. खुबा मोडला, तीन महिने अंथरुणात काढले आणि गेली. तिसऱ्या आठवड्यात मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो आणि पहिल्या रविवारी स्वतः उभं राहून ब्रेकर करून घेतला. नऊ इंच. त्यानंतर या गेटमधून कोणाच्या बापाला वेगात येता आलेलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आवाज येतो. पुढून, डाव्या बाजूने. खड्डा आला की ठक्, स्टिअरिंग वळवलं की पुन्हा ठक्.

संदेशला फोन लावला. "काका, माझ्याकडे असताना खरंच नव्हता हो आवाज. शपथ." शपथ! मी एकही शब्द आरोपाचा बोललो नव्हतो, तोवर शपथ घेऊन मोकळा. आठ दिवस दडवता येईल असं काहीतरी त्याने खालून केलेलं आहे. ग्रीस भरलं असेल, नाहीतर रबर कोंबलं असेल.

१२ ऑक्टोबर, रविवार

विठ्ठलकडे गेलो. मानपाड्याला त्याचं गॅरेज आहे, आमच्या सोसायटीच्या निम्म्या गाड्या त्याच्याकडेच जातात. ते माझ्यामुळे. विठ्ठल आणि मी कल्याणला एका चाळीत वाढलो. आमच्या घरी, आईच्या हातची भाकरी पाटावर बसून खाणारा त्या चाळीतला तो पहिला. त्यावरून त्याच्या घरी मार खाल्लेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आलेला. तेव्हापासून तो मला म्हाद्या म्हणतो, मी त्याला विठ्या.

गाडी उचलली, खाली गेला, टॉर्च मारला. डावीकडचा लिंक रॉड आणि बुश गेले म्हणाला. बुश म्हणजे लोखंडाच्या मधलं रबर.

"म्हाद्या, उजवी बाजू एकदम ठणठणीत आहे. डावीच गेलीय. गेटवरून कशी काढतोस रे?"

"कशी म्हणजे? हळू काढतो. तिरकी."

"तिरकी. बरं." मग काहीतरी बोलणार होता. हातातला पाना उगाच पुसत बसला. "तुझा तो ब्रेकर..."

"त्याचं काय?"

"काही नाय. चहा घेणार?"

असं अर्धवट बोलणारी माणसं मला आवडत नाहीत. जबाब घेताना आम्ही अशांनाच दोनदा बसवायचो.

बिल त्याने नेहमीसारखं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलं. वर 'म्हाद्या', खाली दोन पार्टच्या किमती, आणि 'मजुरी'समोर एक आडवी रेघ. यापूर्वी स्कूटरच्या बिलांवरही हीच रेघ असायची, तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. आता प्रश्न पडतो. दोन तास गाडीखाली झोपलेला माणूस मजुरी घेत नाही, म्हणजे ती कुठेतरी घेतच असणार. पार्टच्या किमतीतच ना?

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीत पाहुण्यांना फिरवलं. टिटवाळ्यापर्यंत जाऊन आलो. दिवसातून चार-चार फेऱ्या झाल्या आणि आवाज परत आला, आधीपेक्षा मोठा. ब्रेकरवरून उतरताना तर आख्खी गाडी कण्हते.

नवा पार्ट बारा दिवसांत जातो? मीटर असा बारा दिवसांत जळाला की आम्ही विचारायचो, कोणाचा हात लागला.

विठ्ठल फोनवर म्हणाला, "लोअर आर्म आणि शॉकअप बघायला लागेल. घेऊन ये." लगेच मोठे पार्ट! मीही तयारीने गेलो. जाण्याआधी दर्शनाचं नेलपॉलिश घेऊन गाडीखाली घुसलो आणि उजव्या बाजूच्या शॉकअपवर, कोपऱ्यात, लाल ठिपका दिला. उजवा चांगला आहे असं तोच म्हणाला होता. चांगला काढून दुसऱ्याच्या गाडीला लावला, तर कळलं पाहिजे. सील मारल्याशिवाय मी कधी मीटर सोडला नाही.

दर्शनाने विचारलं, "नेलपॉलिश कशाला नेलं?" सांगितलं नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

ठिपका नाही.

टॉर्च लावून तीनदा बघितलं. उजवा शॉकअप आरशासारखा लख्ख. नुसता तोच नाही, गाडी खालून सगळीच धुऊन पुसून चकाचक केलेली. मी धुवायला सांगितलं नव्हतं. पैसेही लावलेले नाहीत. फुकट धुणं कशासाठी असतं हे एकतीस वर्षांनी मला कोणी शिकवायला नको. पुरावा राहू नये म्हणून.

मजुरीसमोर पुन्हा रेघ.

रागापेक्षा वाईट जास्त वाटलं, हे इथे कबूल करतो. जेवलो नाही. दर्शनाने दोनदा विचारलं, पित्त झालंय म्हणून सांगितलं.

२ नोव्हेंबर, रविवार

सोसायटीची मीटिंग. विषय काय, तर ब्रेकर कमी करा. एकसष्ट सह्यांचा अर्ज. एकसष्ट लोकांना एकाच आठवड्यात एकच गोष्ट सुचते, यामागे कोणीतरी आहे. बाईकवाले असणार, त्यांना सुसाट यायचंय. पुढे मात्र केलं चौथ्या मजल्यावरच्या संचिताला. सातवा महिना चालू आहे तिचा.

"काका, रिक्षावाले आत येतच नाहीत हो. गेटवर उतरवतात. मी उन्हातून चालत येते."

मी म्हणालो, "रिक्षावाले आळशी आहेत, त्यात ब्रेकरचा काय दोष?"  माझ्या आईचं नाव निघेल म्हणून सगळे गप्प बसतात, हे मला समजतं. त्याचा फायदा घेतो असं नाही. पण अर्ज फेटाळला.

मीटिंगनंतर दर्शनाला स्कूटरवर घेऊन भाजीला गेलो. ती नेहमीप्रमाणे ब्रेकरच्या अलीकडे उतरली, चालत पलीकडे गेली आणि पुन्हा बसली. चार वर्षं हीच सवय आहे तिला. म्हणते, पाय मोकळे होतात. दहा पावलांत कसले पाय मोकळे होतात कोण जाणे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आता मात्र हद्द झाली. कोणीतरी ब्रेकरला हात लावला आहे!

सकाळी दूध आणायला उतरलो तर दिसलं. डाव्या टोकाला, दोन्ही अंगांनी, ताज्या सिमेंटचा थर. हातभर लांब उतार करून ठेवलाय, कडेने थापी फिरवून सफाईने. ब्रेकर त्या जागी निम्मा बुजला. अर्ज फेटाळल्यावर चार दिवसांत हे. धोंडीबाला उभं केलं.

"कोण आलं होतं?"

"मी जेवाया गेलतो साहेब."

"किती वाजता?"

"ते... जेवायच्या टायमाला."

जमिनीकडे बघून बोलत होता. याला पैसे मिळालेले आहेत.

सिमेंट अजून पुरतं घट्ट झालं नव्हतं. घरून छिन्नी-हातोडा आणला आणि स्वतः बसून सगळा थर खरवडून काढला. दीड तास लागला, तळहाताला फोड आले. आईचा ब्रेकर होता तसा केला आणि कडेला पिवळ्या रंगाने खूण करून ठेवली. आता कोणी हात लावला तर लगेच कळेल.

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघायला ऑफिसात गेलो, तर पासवर्ड चालेना. दिवाळीआधी मीच बदलला होता, कोणाला कळू नये असा. तो आता मलाच आठवत नाही. कॅमेरावाल्याला फोन केला. येतो म्हणाला, कधी ते सांगितलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तिसऱ्यांदा आवाज. पुन्हा डावीकडून.

आज विठ्ठलकडे गेलोच नाही. सरळ ठाण्याला, परदेशी गाड्यांच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये. पांढऱ्या फरशा, एसी, कॉफी. टाय लावलेल्या मॅनेजरने गाडीकडे काचेतूनच बघितलं आणि संगणकावर काहीतरी टाइप केलं. चारही बाजूंचं सस्पेन्शन बदलावं लागेल. एक लाख ऐंशी हजार.

मी विचारलं, "आधीच्या मेकॅनिकने टाकलेला माल कसा आहे?"

"सर, लोकलच असणार ना," तो म्हणाला. "आमच्याकडे नेहमी अशाच केसेस येतात."

झालं. तज्ज्ञ माणसाने सांगितलं. एवढे पैसे आत्ता नाहीत, म्हणून गाडी परत आणली. पण विठ्ठलचं आता पक्कं झालं. चव्वेचाळीस वर्षांची ओळख, आणि माझ्याच गाडीचा चांगला शॉकअप काढून घेतला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. 'सर्व सभासदांना सूचना. मानपाड्याच्या विठ्ठलच्या गॅरेजमध्ये गाडी देताना सावध राहावे. पार्ट बदलले जातात, स्वतः अनुभव घेतला आहे. सेक्रेटरी.' दोनदा लिहून पुसलं होतं. पण इतरांना सावध करणं माझं काम आहे.

संध्याकाळपर्यंत बावीस अंगठे आले. दोघांनी लिहिलं, आम्हालाही संशय होताच.

सात वाजता त्याचा फोन आला.

"म्हाद्या, ते तू लिहिलंस?"

"हो."

मी तयारीत होतो. ठिपक्याचं विचारणार होतो, तारखा काढून ठेवल्या होत्या. तो म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला.

चोर माणूस भांडतो. हा भांडला का नाही, ते मला उमगत नाही.

दर्शना माझ्याशी बोलत नाही. फक्त एवढंच म्हणाली, "नेलपॉलिश थिनरने जातं. गॅरेजमध्ये थिनरनेच धुतात. मला विचारायचं तरी." तिला ठिपक्याचं कसं कळलं? ब्रशला माती लागलेली बाटली मी तशीच परत ठेवली होती म्हणे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कॅमेरावाला अखेर आज आला. पंधरा दिवसांचंच साठतं म्हणाला, म्हणजे पाच तारखेचं उद्या-परवा पुसलं गेलं असतं. दुपारी ऑफिसचं दार आतून लावून बसलो. गेटचा कॅमेरा.

आधी आजपासून एकेक दिवस मागे जात राहिलो, तर माझीच गाडी दिसली. वरून कधी बघितली नव्हती. तिरकी येते, डावं चाक चढतं, नाक वर जातं आणि मग डावं चाकच धपकन खाली पडतं. मी मोजायला लागलो, सवयच आहे. तेरा दिवसांत शेहेचाळीस वेळा. एकदाही उजवं चाक आधी नाही.

त्यात दर्शना दिसली. स्कूटरवरून उतरते, मी पुढे निघून जातो, आणि ती माझ्यामागे कमरेला हात लावून एक क्षण उभी राहते. मग चालायला लागते. मी कधी मागे वळून बघितलंच नाही. संचिता दिसली, एका हातात पिशवी, दुसरा पोटाखाली. तळमजल्याचे आजोबा दिसले, ब्रेकर ओलांडायला त्यांना धोंडीबा हात देतो.

मग पाच तारीख, दुपारी दोन चाळीस. विठ्ठल.

स्कूटरवर आला, पायाशी घमेलं आणि अर्धी गोणी. ब्रेकरपाशी उकिडवा बसला आणि वितीने उंची मोजली. आमच्या खिडकीकडे मान वर करून बघितलं. मी तेव्हा झोपलेला असतो, त्याला माहीत आहे. धोंडीबाने पाणी आणून दिलं. विठ्ठलने सिमेंट कालवलं आणि जिथे माझं डावं चाक चढतं आणि उतरतं, बरोबर तेवढ्याच जागी, दोन्हीकडे उतार करायला लागला. मधला ब्रेकर जसाच्या तसा ठेवला. पन्नास मिनिटं उन्हात बसला होता. निघताना त्याने ब्रेकरला हात लावला आणि तो हात छातीला लावला. घरी आला की आईच्या पायांना हात लावून तो असंच करायचा.

पुढे सहा तारखेची सकाळ. स्क्रीनवर मी आलो. छिन्नी-हातोडा घेऊन.

पुढचं बघितलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लिहायला बसलो, सुचत नाही. मी चुकलो. माझ्या माणसाला मी चोर केलं, चारचौघांत. आईला काय वाटलं असतं, हाच विचार सकाळपासून चाललाय.

वहीची गाठ बघितली. मी मारली तशीच आहे. दर्शनाने ही वही कधी उघडलेलीच नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

ग्रुपवर गुरुवारीच सगळं लिहिलं. आरोप खोटा होता, चूक माझी होती, विठ्ठलने काय केलं होतं तेही. त्यावर चार अंगठे आले. आरोपाला बावीस आले होते.

आज ब्रेकर कमी केला. मीच केला, धोंडीबा मदतीला होता. नऊचे चार इंच, दोन्हीकडे लांब उतार.  आई गेल्यावर मला काहीतरी बांधायचं होतं, म्हणून मी ते एवढं उंच बांधलं, हे आज कळतंय. धोंडीबा म्हणाला, "साहेब, आजी असत्या तर त्यांना तरी ओलांडता आला असता का हो एवढा?"

संध्याकाळी भाजीला निघालो. ब्रेकरपाशी सवयीने स्कूटर थांबवली. दर्शना मागून म्हणाली, "चला, मी बसलेय."

२६ नोव्हेंबर, बुधवार

मानपाड्याला गेलो. चार फोन केले होते, त्याने उचलले नव्हते. गॅरेजमध्ये एरवी पाय ठेवायला जागा नसते. आज दोनच गाड्या होत्या.

मी म्हणालो, "विठ्या, चुकलं माझं."

तो म्हणाला, "वाचलं. मुलाने दाखवलं."

"तू मला सरळ का नाही सांगितलंस?"

"तीनदा ओठांवर आलं. मावशीच्या नावाचा तो ब्रेकर, तुला कसा सांगणार मोड म्हणून?" मग म्हणाला, "गाडी आणलीस का? लाव आत."

मी बाहेर थांबतो म्हणालो. त्याने स्टूल आणून गाडीजवळ ठेवलं. "इथे बस. बघत बस."

"नको रे."

"बस. मला बरं वाटेल."

बसलो. त्याने प्रत्येक पार्ट खोक्यातून माझ्यासमोर काढला, जुना काढलेला माझ्या पायाशी ठेवला.  चहा आला तेव्हा माझ्यासाठीही आला, पण तो त्याचा कप घेऊन बाहेर गेला. काम झाल्यावर आम्ही चक्कर मारली. खड्ड्यांतून, गतिरोधकांवरून. आवाज पूर्ण गेला आहे. माझ्या गेटवरूनही गाडी काढली. त्याने ब्रेकरकडे बघितलं.

परत गॅरेजवर आलो, निघताना त्याने पाकीट दिलं. छापील बिल. वर 'श्री. महेंद्र सोनवणे'. खाली प्रत्येक पार्टचा नंबर, किंमत, कर. मजुरी तीन हजार दोनशे. सही, शिक्का. मी इतकी वर्षं ज्यांच्या घरात शिरलो, त्यांच्याकडे मागायचो तसं बिल.

मी पैसे दिले, त्याने मोजून घेतले. "थँक्यू," म्हणाला.

घरी येऊन बिल तीनदा तपासलं. कुठेही चूक नाही. ऑक्टोबरचे ते कॅलेंडरचे दोन कागद शोधले, दर्शनाने रद्दीत टाकले नव्हते. ते या वहीत ठेवले आहेत.

उद्या सकाळी पुन्हा मानपाड्याला जाणार आहे. दर्शना भाकरी बांधून देणार आहे, दोघांपुरती. गाडीला काही झालेलं नाही.